अनंत पै : मुलांच्या हाती चित्रकथा देणारे पै काका



मागच्या पालक सभेत एका वडिलांनी मला सरळ विचारलं. वर्गाच्या वाचन कोपऱ्यात तुम्ही कॉमिक्स का ठेवता? पोरगं घरी आणतं, चित्रं बघत बसतं आणि पाठ्यपुस्तकाला हात लावत नाही. सभेतले आणखी दोघं-तिघं माना डोलवत होते. मी काहीतरी बोलले, पण खरं सांगते, माझं मलाच ते पटलं नाही. घरी आल्यावर वाटलं, या प्रश्नाचं उत्तर ज्या माणसाने आयुष्यभर दिलं, त्याचीच गोष्ट नीट वाचू या. तो माणूस म्हणजे अनंत पै. 'अमर चित्र कथा' आणि 'टिंकल'चे संपादक, देशभरातल्या मुलांचे पै काका. आज आपल्या वर्गात बसणारी मुलं त्यांच्या निधनानंतर जन्मलेली आहेत. त्यामुळे ही ओळख मुलांना आपणच करून द्यायची आहे.

चित्रांतून गोष्ट सांगायची आपली जुनी रीत

आधी थोडं मागे जाऊ. चित्र दाखवून गोष्ट सांगणं आपल्याकडे नवं नाही. बाराव्या शतकातला कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर याच्या 'मानसोल्लास' या ग्रंथात चित्रांच्या आधाराने कथा सांगणाऱ्याचा उल्लेख आहे. कल्याणी म्हणजे आजचं बसवकल्याण. बिदर जिल्ह्यातलं हे गाव आपल्या लातूर जिल्ह्याच्या सीमेपासून फार लांब नाही. पुढे महाराष्ट्रात चित्रकथी गावोगाव फिरू लागले. एकेक चित्र लोकांसमोर धरायचं, वाद्याच्या साथीने त्यातला प्रसंग गाऊन सांगायचा, मग पुढचं चित्र. आपल्या मराठवाड्यातलं पैठण या चित्रांसाठी ओळखलं जातं. सिंधुदुर्गातल्या पिंगुळी गावात ठाकर समाजाने ही कला आजही जपली आहे.

छापील कॉमिक्स मात्र बाहेरून आलं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी अमेरिकेतल्या वर्तमानपत्रांत चित्रपट्ट्या छापून येऊ लागल्या. 1938 मध्ये सुपरमॅन आला आणि कॉमिक्सची वेगळी पुस्तकं घरोघरी पोचली. त्याबरोबर पालकांची काळजीही आली. 1954 साली अमेरिकेत फ्रेडरिक वर्थम नावाच्या मानसोपचारतज्ज्ञाने कॉमिक्समुळे मुलं बिघडतात असं सांगणारं पुस्तक लिहिलं, आणि त्याच वर्षी तिथल्या संसदेच्या समितीपुढे त्यावर सुनावण्या झाल्या. म्हणजे आमच्या पालक सभेतला प्रश्न बघा किती जुना आहे!

आणि योगायोग असा, की त्याच 1954 मध्ये मुंबईत एक पंचविशीचा तरुण मुलांसाठी मासिक काढून बघत होता.

बालपण आणि शिक्षण

अनंत पै यांचा जन्म 17 सप्टेंबर 1929 रोजी कर्नाटकातल्या कार्कळ इथे झाला. 17 सप्टेंबर म्हणजे आपला मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन, त्यामुळे तारीख लक्षात ठेवायला सोपी! वडील वेंकटराय, आई सुशीला. अनंत अवघे दोन वर्षांचे असताना आई-वडील दोघंही गेले. पुढे आजोबांनी सांभाळलं. घरात कोकणी, गावात कन्नड.

बाराव्या वर्षी ते मुंबईला आले आणि माहीमच्या ओरिएंट स्कूलमध्ये शिकू लागले. आता कल्पना करा. आई-बाप नाहीत, गाव सुटलेलं, शहर अनोळखी, आजूबाजूला सगळ्या वेगळ्याच भाषा. आपल्या देगलूर, बिलोली, उदगीरकडच्या वर्गात घरी तेलुगू, कन्नड किंवा गोरमाटी बोलणारी मुलं असतात. पहिल्या दिवशी ती कशी गप्प बसून असतात, ते आपण बघतोच. पुढे ज्या माणसाने आपल्या गोष्टी अनेक भाषांत छापल्या, तो अशाच एका वेगळ्या घरभाषेचा विद्यार्थी होता, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

मुंबई विद्यापीठात त्यांनी भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि रासायनिक तंत्रज्ञानाचं शिक्षण घेतलं. त्या काळात अशा पदवीवर चांगली नोकरी मिळाली असती, पण त्यांचं मन छापील अक्षरात होतं. 1954 मध्ये त्यांनी 'मानव' नावाचं मुलांचं मासिक सुरू केलं. ते चाललं नाही, लवकरच बंद पडलं.

हा प्रसंग मुलांना आवर्जून सांगा. थोरांची चरित्रं सांगताना आपण यशाचीच यादी देतो. पैंचं पहिलं काम फसलं होतं. तरी मुलांसाठी काहीतरी करायचं हे त्यांनी सोडलं नाही.

वेताळापासून कृष्णापर्यंत

पुढे ते टाइम्स ऑफ इंडियाच्या प्रकाशन विभागात कामाला लागले. 1964 मध्ये टाइम्सने 'इंद्रजाल कॉमिक्स' सुरू केलं. ते उभं करण्यात पैंचाही हात होता. त्यातला नायक फँटम, म्हणजे मराठी वाचकांचा वेताळ. ली फॉक या अमेरिकन लेखकाचं हे पात्र. कवटीची अंगठी, घनदाट जंगल, मुखवटा घातलेला वीर. आमच्या मामांच्या घरी पत्र्याच्या पेटीत या पुस्तकांचा गठ्ठा होता. कोपरे कुरतडलेले, मुखपृष्ठं गायब. उन्हाळ्याच्या सुट्टीत त्या पेटीवरून आम्हा भावंडांची भांडणं व्हायची.

पैंना इथे एक गोष्ट दिसली. मुलांना चित्रकथा आवडते, ती ओढीने वाचतात, दुसऱ्याला वाचायला देतात. पण त्यातली माणसं परकी, गोष्टीही परक्या.

मग आला फेब्रुवारी 1967. पै दिल्लीत होते. एका दुकानातल्या दूरचित्रवाणी संचावर महाविद्यालयीन विद्यार्थ्यांची प्रश्नमंजूषा चालू होती. ग्रीक देवांबद्दलच्या प्रश्नाचं उत्तर त्या हुशार मुलांनी पटकन दिलं. नंतर रामाच्या आईचं नाव विचारलं, तेव्हा मात्र कुणालाच ते सांगता आलं नाही. पैंच्या मनाला हे लागलं. ज्या माध्यमातून मुलं वेताळ वाचतात, त्याच माध्यमातून त्यांना आपल्या गोष्टी का देऊ नयेत, हा विचार तिथून पक्का झाला.

विचार चांगला असला तरी पैसा घालायला कुणी तयार होईना. बऱ्याच प्रकाशकांनी नकार दिला. शेवटी इंडिया बुक हाऊसचे जी. एल. मीरचंदानी तयार झाले आणि 'अमर चित्र कथा' ही मालिका उभी राहिली. आपल्या कथांचा तिचा पहिला अंक 'कृष्ण', पण त्यावरचा क्रमांक 11 होता. पहिले दहा अंक परदेशी परीकथांचे होते! म्हणजे सुरुवातीला याही मालिकेला परदेशी गोष्टींचाच आधार घ्यावा लागला होता.

'कृष्ण' काही रातोरात खपला नाही. पहिली काही वर्षं विक्री फारच कमी होती. पै स्वतः हिंडायचे, दुकानदारांना पटवायचे, शाळांकडे जायचे. संपादकाने स्वतःचं पुस्तक विकायला फिरणं त्यांना कमीपणाचं वाटलं नाही.

मराठी हातांचं काम

या मालिकेची कल्पना पैंची, पण ती कागदावर उतरवणाऱ्या हातांमध्ये मराठी हात बरेच होते. ही गोष्ट आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही. 'कृष्ण'ची चित्रं राम वाईरकर यांची. प्रताप मुळीक, दिलीप कदम यांनी कितीतरी अंक रंगवले. शिवाजी महाराजांवरचा अंक लिहिला भा. रा. भागवतांनी, म्हणजे आपल्या फास्टर फेणेच्या लेखकाने, आणि चित्रं काढली मुळीकांनी.

चौथीला आपण 'शिवछत्रपती' शिकवतो. त्या वेळी मुलांच्या डोळ्यांसमोर गड, मावळे, दरबार यांची चित्रं उभी राहतात. ती कुणीतरी अभ्यास करून, वेष, शस्त्रं, इमारती यांचा विचार करून काढलेली असतात. एका अंकात साधारण 32 पानं. त्यात आख्खं आयुष्य बसवायचं. काय ठेवायचं, काय गाळायचं, कोणत्या प्रसंगाला मोठी चौकट द्यायची, हे सगळं ठरवावं लागतं. निबंध शिकवताना आपण मुलांना मुद्दे काढायला सांगतो ना, तेच काम.

संतांवर अंक निघाले, त्यात आपले तुकारामही होते. अहिल्याबाई होळकर, झाशीची राणी आल्या. गुरू गोविंदसिंगांवरही अंक निघाला. 1708 मध्ये त्यांनी देह ठेवला तो आपल्या नांदेडात. सचखंड गुरुद्वाऱ्याला सहल नेण्याआधी असा अंक वर्गात वाचला, तर मुलांना तिथे गेल्यावर किती गोष्टी ओळखीच्या वाटतील! 1979 मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांवरचा अंक आला.

शाळेच्या दारात

आता आपल्या मुख्य प्रश्नाकडे येऊ. त्या काळातल्या शाळांनाही कॉमिक्स नकोच होतं. दप्तरात सापडलं तर जप्त! पैंनी शिक्षकांशी वाद घालण्याऐवजी पुरावा द्यायचं ठरवलं. दिल्लीतल्या काही शाळांमध्ये प्रयोग झाला. काही मुलांना इतिहासाचा भाग चित्रकथेतून दिला, काहींना नेहमीच्या पद्धतीने. चित्रकथेतून शिकलेल्या मुलांच्या जास्त लक्षात राहिलं असं दिसलं. 1978 मध्ये शालेय शिक्षणातील चित्रकथेचं स्थान या विषयावर दिल्लीत परिसंवादही झाला.

हे का होत असेल? मला वर्गात दिसलेलं सांगते. चित्रकथा वाचताना मूल एकाच वेळी तीन-चार कामं करतं. कोणत्या चौकटीनंतर कोणती, हा क्रम लावतं. फुगा कुणाच्या तोंडाकडे वळलाय ते बघून कोण बोलतंय हे ठरवतं. ढगासारखा फुगा असेल तर तो मनातला विचार, हे ओळखतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, दोन चौकटींच्या मधे जी रिकामी जागा असते, तिथे काय घडलं असेल ते स्वतः भरून काढतं. पहिल्या चौकटीत मुलगा झाडावर, दुसऱ्या चौकटीत पायाला पट्टी. पडल्याचं चित्र कुठेच नाही, तरी मुलाला कळतं. यालाच आपण अनुमान करणं म्हणतो, आणि अध्ययन निष्पत्तीच्या तक्त्यात त्यावर खूण करायला धडपडतो.

शिवाय फुग्यात वाक्य छोटं असतं. आख्ख्या पानभर अक्षरं बघून जे मूल घाबरतं, ते चार शब्दांचा फुगा वाचायला धजावतं. एक फुगा जमला की दुसरा. अडलेला शब्द चित्रावरून कळतो. माझ्या वर्गात परिच्छेद समोर आला की पाणी प्यायला जाऊ का विचारणारी एक मुलगी होती. तिने पहिलं पूर्ण वाचलेलं पुस्तक चित्रकथेचंच होतं.

टिंकल आणि पत्रांचे गठ्ठे

1980 मध्ये पैंनी 'टिंकल' सुरू केलं. अमर चित्र कथेत देव, राजे, संत, वीर होते. टिंकलमध्ये हसू आलं. सांगितलेलं काम शब्दशः करून घोटाळा घालणारा सुपंडी, भित्रा असूनही नशिबाने शूर ठरणारा शिकारी शंभू, प्रधान तंत्री, कालिया कावळा. इथेही मराठी हात बघा. सुपंडीला चेहरा दिला राम वाईरकरांनी, शंभूला वसंत हळबे यांनी, कालियाला प्रदीप साठे यांनी, तंत्रीला अशोक डोंगरे यांनी.

सुपंडीची गोष्ट तर आणखी छान आहे. तमिळनाडूतल्या तिरुचिरापल्लीच्या एका वाचकाने पाठवलेल्या गोष्टींमधून हे पात्र आलं. म्हणजे मुलांचं मासिक वाचकांच्या टपालावरही चालत होतं. पत्रं ढिगाने यायची. त्या पत्रांमधूनच अनंत पै पै काका झाले. पै आणि त्यांच्या पत्नी ललिता यांना स्वतःचं मूल नव्हतं. पण देशभरातली मुलं त्यांना हक्काने लिहायची, आणि पत्राला उत्तर गेलं पाहिजे हा त्यांचा आग्रह असायचा. लहानपणीच आई-वडिलांना मुकलेला हा माणूस हजारो मुलांच्या घरातला काका झाला.

त्यांचं कमी पडलेलंही सांगू या

इथपर्यंत वाचून कुणाला वाटेल, मग सगळंच छान होतं. तसं नाही, आणि मुलांसमोर चरित्र सांगताना हे झाकू नये असं मला वाटतं.

अमर चित्र कथेवर अभ्यासकांनी टीका केली आहे आणि तिच्यात तथ्य आहे. बऱ्याच अंकांत देव आणि नायक गोरे, राक्षस मात्र काळे आणि राकट. आपल्या वर्गातली बहुतेक मुलं सावळी आहेत. ती त्या चित्रात स्वतःला कुठे बघतील? बायकांवरचे अंक पुरुषांच्या मानाने कमी, आणि त्यातही त्याग, पतिव्रता, जोहार यांचं कौतुक बरंच. शेत कसणारी, घरं बांधणारी, गाढवावर माती वाहणारी माणसं गोष्टीच्या कडेला उभी. मालिका सुरू झाल्यावर बाबासाहेबांचा अंक यायला बारा वर्षं लागली. पुराणकथा आणि इतिहास एकाच रंगात, एकाच थाटात छापल्यामुळे मुलांना त्यांतला फरक कळत नाही, ही अडचण तर मी स्वतः वर्गात अनुभवते.

चित्राची ताकदच अशी की ते मनात घट्ट बसतं. चुकीचं चित्रही तितकंच घट्ट बसतं. म्हणून कॉमिक्स मुलाच्या हातात दिलं की आपलं काम संपत नाही. पैंनी मुलांना वाचायला लावलं. वाचलेल्यावर प्रश्न विचारायला शिकवणं हे आपल्याकडे आलेलं काम आहे.

शेवटची वर्षं

1987 मध्ये दूरदर्शनवर रामायण सुरू झालं, पाठोपाठ महाभारत. रविवारी सकाळी रस्ते ओस पडू लागले. चित्रकथेतले देव पडद्यावर चालू-बोलू लागल्यावर पुस्तकांची विक्री घसरली. 1991 मध्ये जवाहरलाल नेहरूंवरचा अंक निघाला आणि नवीन अंकांची नियमित मालिका थांबली. तोपर्यंत 400 हून जास्त अंक झाले होते. जुने अंक पुन्हा पुन्हा छापले जात राहिले. 2007 मध्ये प्रकाशनाची मालकी बदलली, तरी पैंचं काम सुटलं नाही.

फेब्रुवारी 2011 मध्ये दिल्लीत भारतातला पहिला कॉमिक कॉन मेळावा भरला. तिथे त्यांना जीवनगौरव पुरस्कार जाहीर झाला. त्यानंतर काही दिवसांतच, 24 फेब्रुवारी 2011 रोजी, मुंबईत हृदयविकाराच्या झटक्याने त्यांचं निधन झालं. वय 81 वर्षं. त्याच वर्षी 17 सप्टेंबरला त्यांच्या जन्मदिनी गूगलने आपल्या पहिल्या पानावर त्यांचं चित्र कॉमिक्सच्या चौकटींत मांडलं होतं.

वर्गात काय करता येईल?

या चरित्रावरून मी माझ्या वर्गात करत असलेले काही उपक्रम देते. खर्च जवळजवळ काहीच नाही.

1. रिकामे फुगे : चित्रकथेच्या एका पानाची झेरॉक्स काढा, फुग्यातली वाक्यं पांढऱ्या कागदाने झाका आणि मुलांना स्वतःची वाक्यं लिहू द्या. ज्यांची घरभाषा वेगळी आहे, त्यांना आधी घरच्या भाषेत लिहू द्या.

2. मधली चौकट : दोन चौकटी दाखवा आणि त्यांच्यामध्ये काय झालं असेल ते एका चित्रात काढायला सांगा.

3. सहा चौकटींत पाठ : पाठ्यपुस्तकातला कोणताही पाठ सहाच चौकटींत बसवायचा. काय गाळलं आणि का, हे मुलाने सांगायचं. सारांश लेखनाची याहून चांगली तयारी मला सापडली नाही.

4. हे चित्र कुणाचं? : नायक कसा दाखवलाय, खलनायक कसा दाखवलाय, बायका काय करताना दिसतात, आपल्यासारखं कोण दिसतं, हे मोजायला सांगा. नुसतं मोजू द्या. निष्कर्ष मुलं आपोआप काढतात.

5. आपल्या गावची चित्रकथा : गावातल्या एखाद्या आजी-आजोबांना मुक्तिसंग्रामाच्या ऐकलेल्या आठवणी विचारा किंवा 1972 च्या दुष्काळाच्या विचारा, आणि त्यावर वर्गाने मिळून आठ पानांची चित्रकथा करावी. पै काकांच्या मालिकेत न आलेली माणसं अशीच चौकटीत येतील.

मागच्या वर्षी पाचव्या उपक्रमात एका मुलाने आजीचं चित्र काढलं. दुष्काळी कामावर खडी फोडणारी, डोक्याला पदर, हातात हातोडी. आजीचा रंग त्याने अगदी खरा, गडद तपकिरी भरला होता. चित्राखाली फुगा होता आणि त्यात त्याने आजीचंच वाक्य शुद्धलेखनाच्या चार चुकांसह लिहिलं होतं. मी त्या चुकांवर लाल शाई चालवली नाही.

सभेत प्रश्न विचारणारे वडील याच मुलाचे. पुढच्या सभेला ते येतील तेव्हा मी उत्तर तोंडी देणार नाही. ती आठ पानं त्यांच्या हातात ठेवीन आणि मुलाला म्हणेन, वाचून दाखव.

तुमच्या वर्गात चित्रकथेचे काय अनुभव आहेत ते नक्की कळवा.